राजमिशीचा काटा

एका तालुक्याच्या गावी दामूशेठ नावाचा रंगीत माशांचा दुकानदार होता. माशांची त्याला चांगली पारख होती, पण एक खोड होती. एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक नाही, हे कबूल करणं त्याच्या अगदी जिवावर येई. अनोळखी मासा आला की तो स्वतःच त्याचं बारसं करी आणि तेच नाव गिऱ्हाइकाला ठासून सांगे.

एकदा घाऊक व्यापाऱ्याकडून आलेल्या पिशवीत दोन मिशाळ मासे निघाले. काळसर, लांबोडके, तोंडाशी लांब मिशा. असे मासे दामूशेठने जन्मात पाहिले नव्हते. तेवढ्यात शाळेच्या निमकरबाई दुकानात आल्या.

"हा कुठला मासा हो?" त्यांनी विचारलं.

"हा? ही राजमिशी," दामूशेठ बेधडक म्हणाला. "गरीब गाय आहे अगदी."

"बघा हं. दर शनिवारी आमची मुलं टाकीत हात घालून तळ साफ करतात."

"खुशाल घालू द्या!"

बाई त्यातला एक मासा शाळेसाठी घेऊन गेल्या.

शनिवारी सकाळी दामूशेठ उरलेला मासा ओंजळीत धरून दुसऱ्या टाकीत सोडायला गेला. माशाने अंग झटकलं आणि कल्ल्यामागचा काटा त्याच्या अंगठ्यात रुतवला. दामूशेठ कळवळला. आग कोपरापर्यंत चढली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. आणि त्याला एकदम आठवलं, आज शनिवार! शाळेतली मुलं टाकीत हात घालणार!

त्याने शाळेत फोन लावला. कुणी उचलेना. मग तो दुकान उघडं टाकून अनवाणीच पळत सुटला. त्याला मुलांची धास्ती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर आपल्या नावाचीही. चारचौघांत नाक कापून घ्यायचं कसं? म्हणून त्याने वाटेतच एक थाप जुळवली.

तो वर्गात शिरला तेव्हा सुगंधा नावाची चिमुरडी बाही वर सारून टाकीशी उभी होती. तिची बोटं पाण्याला टेकतच होती.

"थांब! हात काढ आधी!" दामूशेठ ओरडला. सुगंधा दचकून मागे सरली.

"पाण्यात औषध टाकायचंय," तो धापा टाकत म्हणाला. "आज कुणी हात घालू नका."

"बरं झालं वेळेवर आलात," बाई म्हणाल्या. "मग सोमवारी साफ करू. चालेल ना?"

दामूशेठला घाम फुटला. थाप आजच्यापुरती होती, काटा सोमवारीही तिथेच असणार होता. त्याने सुगंधाच्या इवल्याशा बोटांकडे पाहिलं.

"नाही बाई. औषधबिवषध काही नाही, खोटं बोललो मी. हा मासा विषारी काटा मारतो, हा बघा माझा अंगठा."

"अहो, पण तुम्हीच म्हणालात ना, राजमिशी गरीब असते म्हणून?"

"ते नाव मीच पाडलं. हा मासा कोणता, मला माहीत नाही."

मुलं खो खो हसली. बाई मात्र हसल्या नाहीत. "आणि पोरीला काही झालं असतं म्हणजे?" त्यांनी विचारलं. खालमानेने दामूशेठने मासा जपून डब्यात काढून घेतला आणि तो निघाला.

"काका," सुगंधा मागून म्हणाली, "तुमचा अंगठा खूप दुखतोय का हो?"

तेव्हा मात्र दामूशेठच्या डोळ्यांत पाणी आलं.

तात्पर्य: माहीत नाही म्हटल्याने घटकाभर मान खाली जाते, पण खात्रीचा खोटा आव आणला तर त्याची शिक्षा भलत्यालाच भोगावी लागण्याची वेळ येते.