पोवळ्यांचा रंग कुणी चोरला?

फार मागची गोष्ट. समुद्रातल्या एका बेटावर कोळ्यांची वस्ती होती आणि धाकू तांडेल तिचा पुढारी होता. होडी हाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण स्वभाव मोठा संशयी. जाळं फाटलं, तर तो आधी खडक बघायचा नाही, शेजाऱ्याचे हात बघायचा.

बेटाला लागून उथळ, निवळ पाण्याची खाडी होती. तिच्या तळाशी पोवळ्यांचं रान होतं. तपकिरी, हिरवट, मधेच जांभळं. त्या रानात मासळीची पिल्लं वाढायची आणि त्या मासळीवर वस्ती जगायची.

एका वर्षी पलीकडच्या किनाऱ्यावरून भागू नावाची रंगारीण बेटावर राहायला आली. एकटी बाई. झाडांच्या साली उकळून ती कोळ्यांची जाळी रंगवून द्यायची. तिच्या काढ्यात बुडवलेलं जाळं लवकर कुजत नसे. उरल्या वेळात लुगडी रंगवायची. वस्तीत तिला अंगण कुणी दिलं नाही, म्हणून तिनं खाडीच्या कडेला पाण्यातच बांबू रोवले आणि त्यांच्यावर कापडं पसरून वाळवू लागली.

त्याच उन्हाळ्यात वारा पडला. समुद्र ताटासारखा सपाट झाला. आभाळात औषधालाही ढग नव्हता. खाडीचं पाणी पायांना ऊन लागू लागलं आणि बघता बघता पोवळी पांढरी पडू लागली. आधी टोकं, मग अख्खी झुडपं. होडीतून खाली पाहिलं, की हाडांचा ढीग दिसे.

धाकूच्या मनात पाल चुकचुकली.

"पोवळ्यांचा रंग गेला आणि त्या बाईच्या बांबूंवर रोज नवा रंग," तो बायकोला म्हणाला. "हा येतो कुठून?"

मथुरा मासळी साफ करत बसली होती. "अहो, ती साली उकळते. इथपर्यंत वास येतो."

"वास आपल्याला फसवायला. खरं काम पाण्यात चालतं."

"पाणी किती तापलंय बघितलंत का?"

"पाणी दर उन्हाळ्यात तापतं. रंगारीण ह्याच उन्हाळ्यात आली!"

मग धाकू केवड्याच्या बनाआड बसून भागूवर नजर ठेवू लागला. तिनं इकडे-तिकडे पाहिलं, की त्याला वाटे, कुणी बघत नाही ना याची खात्री करते आहे. ती गुणगुणली, की वाटे, मंत्र म्हणते आहे. पाण्याकडे टक लावून उभी राहिली, तर आज कुठल्या पोवळ्याची पाळी ते ठरवते आहे. एके दिवशी ती साली आणायला रानात गेली, तेव्हा तो हळूच तिच्या कापडांखाली शिरला आणि वाकून पाहू लागला.

सगळी खाडी पांढरीफटक, पण कापडाच्या सावलीतली पोवळी मात्र तपकिरी, हिरवट, जशीच्या तशी!

"सापडलं!" तो ओरडत सुटला. "साऱ्या खाडीचा रंग ओढून बाईनं इथे लपवलाय!"

भागू सालींचा भारा घेऊन परतली, तेव्हा अख्खी वस्ती काठावर उभी होती.

"तांडेल, कापडाखाली रंग कसा राहिला, ते मलाही ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण कापड आहे तसं राहू द्या. थोडे दिवस बघा. माझा दोष निघाला, तर मग घालवा मला."

"म्हणजे उरलेला रंगही ओढायला तुला सवड!"

लोकांनी माना डोलावल्या. ज्यांची जाळी तिनं रंगवली होती, ते खाली बघत राहिले. धाकूनं स्वतःच्या हातांनी कापडं ओढून काढली, बांबू उपटले, काढ्याची कढई उपडी केली आणि भागूला होडीत घालून पलीकडच्या किनाऱ्यावर सोडून दिलं.

"आता रंग कसा परततो ते बघा," तो म्हणाला आणि काठावर जाऊन बसला.

रंग परतला नाही. उलट, कापडाखाली राहिलेल्या पोवळ्यांवर आता थेट ऊन पडू लागलं आणि धाकूच्या डोळ्यांदेखत तीही पांढरी पडली.

पोवळं म्हणजे दगड नव्हे, तो जिवंत प्राणी आहे. त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव राहतात. ते उन्हावर अन्न शिजवतात आणि पोवळ्याला भरवतात. पोवळ्याचा बराचसा रंगही त्यांचाच. पण पाणी तापलं आणि वरून ऊनही कडक झालं, की त्या शिजवण्यातूनच विष तयार होऊ लागतं. मग पोवळं आपल्या पोशिंद्यांना अंगाबाहेर टाकतं आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. लवकर गारवा मिळाला, तर ते जीव पुन्हा वस्तीला येतात. नाही मिळाला, तर पोवळं उपाशी मरतं.

हे धाकूला ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच दिसलं, की पाणी तेव्हाही तापलेलं होतं आणि आताही तापलेलं आहे. बाई तर गेली. मग बदललं काय? फक्त सावली गेली. ती काढली कुणी? त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं.

'जाता जाता बाई शाप देऊन गेली, असं सांगावं,' त्याच्या मनात आलं. सगळ्यांना पटलंही असतं. पण मथुरा काठावर येऊन त्याला निरखत होती. आजवर तो इतरांना निरखायचा, अगदी तशीच.

"काय सांगणार आहात लोकांना?" तिनं विचारलं.

धाकू उठला. वस्ती गोळा करून म्हणाला, "रंग बाईनं चोरला नव्हता. उरला होता, तो मी घालवला."

त्याच दिवशी घरोघरची जुनी शिडं निघाली आणि बांबूंवर ताणून खाडीवर धरली गेली. पण शिडं थोडी आणि खाडी मोठी.

धाकू होडी घेऊन भागूकडे गेला. हात जोडून म्हणाला, "बाई, चुकलो. परत चला. अंगण देतो."

भागू कढई ढवळत होती. "तांडेल, आज तुमचा संशय गेला. उद्या पाणी पुन्हा तापलं, तर?"

धाकूनं जोडलेले हात खाली घेतले.

"जाळी इकडे आणून द्या, रंगवून देईन," ती म्हणाली. "राहायला मात्र यायची नाही."

पुढे ढग आले, वारा सुटला, पाणी निवलं. शिडांखालची काही पोवळी हळूहळू पुन्हा तपकिरी झाली. बाकीच्यांवर शेवाळ चढलं आणि ती मोडून पडली. मासळी निम्म्यावर आली. आणि जाळी रंगवायची, तर बेटावरच्या लोकांना समुद्र ओलांडून जावं लागू लागलं.

तात्पर्य: संशयी मनाला निर्दोषपणाही गुन्ह्याचा पुरावा वाटतो. म्हणून ताप चढला, की आधी सावली धरावी. तापाच्या भरात आपल्या पोशिंद्याला घराबाहेर काढू नये. बोलावल्यावर तो परत येईलच असं नाही.