वखारीची राखणदारीण

फार पूर्वी गोदावरीच्या काठी पोतली नगरीत अस्सक राजा राज्य करीत होता, तेव्हाची ही गोष्ट. त्या वेळी बोधिसत्त्व कापसाचा व्यापार करणाऱ्या घरात जन्मला होता. वेशीला लागूनच त्याची मोठी वखार होती. एका वर्षी नदीनं काठची गावं पोटात घेतली, मागोमाग तापाची साथ आली, आणि वाटेवर बायाच बाया दिसू लागल्या. एक मूल कडेवर, एक हाताला. नगरात धर्मशाळा होती, पण तिथं बरोबरच्या पुरुषाचं नाव सांगावं लागे. जिचा पुरुष मेला, किंवा जी पुरुषाच्याच भयानं निघाली, तिनं कोणाचं नाव सांगायचं? अशा बाया वेशीबाहेर झाडाखाली बसून राहत.

बोधिसत्त्वानं हे पाहिलं. त्यानं वखारीतला कापूस बाहेर अंगणात काढला आणि आत बायकांची सोय केली. दुसरे व्यापारी म्हणाले, "शेठ, भाव चढायच्या दिवसांत कापूस उघड्यावर आणि परक्या बाया छपराखाली? उलटंच झालं की हो!"

"कापूस भिजला तर वाळवता येतो," बोधिसत्त्व म्हणाला.

त्या वखारीत एके दिवशी उप्पली आली. ती मेंढपाळांतली. नवरा तापानं गेला तसं दिरानं आधी मेंढरं विकली, आणि मग तिच्या पोरीकडं, तिस्साकडं, बघत कोणाशी तरी कुजबुजू लागला. काय कुजबुजतो ते उप्पलीला ऐकू आलं नव्हतं. पण मेंढरं विकतानाही तो असाच आवाज खाली करायचा. तिनं तिस्साचा हात धरला, रांगत्या सोणाला पाठीशी बांधलं आणि घर सोडलं.

वखारीत रांधायला एक म्हातारी होती. सगळ्या तिला आजी म्हणत. आजीनं पेजेची वाडगी पुढं केली. उप्पलीनं हात लावला नाही.

"इथं काय द्यावं लागतं?"

"काही नाही गं पोरी."

"काही नाही म्हणजे मग नंतर द्यावं लागतं."

"बरं, नंतर दे. आता पी."

"आधी तुम्ही प्या."

आजीनं तिच्या वाडग्यातला एक घोट घेतला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "मेले नाही. मीठ मात्र कमी पडलंय." मग उप्पलीनं आधी पोरांना पाजलं आणि उरलं ते आपण घेतलं.

दिवसभर बाया सरकी काढत बसत, आणि त्याची मजुरी जिची तिला मिळे. उप्पलीही काम करी, पण पाठ भिंतीला लावून आणि डोळे दाराकडं ठेवून. फुकट छप्पर देणारा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. शेठ हसून बोलला तर तिला वाटे, हसतो का? नाही हसला तर वाटे, आज काय लपवतो? एक गोष्ट तिच्या मनात रुतून बसली होती. पिंगल नावाचा तांड्याचा नायक शेठचा कापूस न्यायला यायचा. दोघं फाटकाशी उभे राहून वखारीकडं बोट दाखवत बोलायचे. मागच्या फेरीला त्याच्या गाडीतून चंपा नावाची एक बाई तान्ह्या मुलीला घेऊन गेली होती. माहेरी गेली, असं सगळ्या म्हणत.

पिंगलचा तांडा पुन्हा आला त्या दिवशी उप्पली नदीवर धुणं धुवायला गेली होती. परत येऊन पाहते तो तिस्साच्या उघड्या पाठीवर लाल गेरू, आणि सोणाच्याही. तिच्या हातातलं ओलं लुगडं खाली पडलं. मेंढपाळांत सौदा ठरला की घेणारा जनावराच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढतो. पट्टा पडला की ते जनावर आपलं राहत नाही.

ती दोन्ही पोरांना घेऊन तडक फाटकाशी गेली. बोधिसत्त्व कापूस तोलायचा ताजवा धरून उभा होता, पिंगल गाडी भरत होता.

"शेठ, किती घेतलेत?"

"कशाचे, बाई?"

"माझ्या पोरांचे! पाठीवर खूण केली, आता तोंडानं सांगायला लाजता?"

आजी धापा टाकत मागून आली. "अगं, खूण कसली! सरकीच्या धुळीनं पित्त उठलंय पोरांच्या अंगावर. गांधी बघ केवढाल्या आल्यात. म्हणून लावला गेरू. आमच्यात लावतात!"

अंगणातल्या बाया हसल्या. हमाल हसले. पिंगल तर पोट धरून हसला. उप्पलीचं तोंड उतरलं. बोधिसत्त्व मात्र हसला नाही. त्यानं ताजवा खाली ठेवला.

"बाई, तू पोरांसाठी धावून आलीस, त्यात हसण्यासारखं काही नाही. आणखी काही मनात असेल तर आत्ताच विचार."

शरमेनं ती परतली असती, पण तिची नजर गाडीकडं गेली. गाडीत वखारीतलीच सामा बसली होती, मांडीवर मुलगा, डोक्यावर धुतलेला पदर. उजळलेल्या तोंडानं ती माहेरी निघाली होती.

"विचारते. मागं चंपा या गाडीतून गेली. ती पोहोचली हे कोणी पाहिलं?"

"पिंगलनं सांगितलं."

"पोहोचवणाऱ्यानंच सांगितलं. दुसऱ्या कोणी?"

दुसऱ्या कोणाला विचारावं हे बोधिसत्त्वाला सुचलंच नव्हतं. स्वतःच्या मनात कपट नसलं की दुसऱ्याच्या मनात डोकावायची सवय माणसाला लागत नाही.

पिंगल गोड आवाजात म्हणाला, "बाई दुःखानं पिचलीय, शेठ. तिला सगळीकडं चोरच दिसणार. येऊ का मी? ऊन चढतंय."

"थांबा, भाऊ," उप्पली म्हणाली. "आमच्यात दुसऱ्याची मेंढरं डोंगरापलीकडं नेणारा आपला म्होरक्या मेंढा मागं ठेवून जातो. मेंढरं पोहोचल्याचा सांगावा धन्याकडून आला, की मेंढा परत. तुम्ही तुमच्या पुढच्या गाडीचे बैल ठेवून जा. सामाच्या बापाचा निरोप आला की घेऊन जा."

"आता माणसांना मेंढरांचे नियम लावायचे काय!"

"मेंढरांना लावतो, मग माणसांना तर लावायलाच हवेत."

गाडीतून सामा ओरडली, "माझं माहेर तुझ्या डोळ्यात खुपतंय होय गं? तुला नाही, म्हणून मलाही नको?"

उप्पलीनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती पिंगलच्या तोंडाकडं बघत होती. सरळ माणूस कुरकुरला असता, बैल नसतील तर दुसरं काही ठेवतो म्हणाला असता. पिंगलचा आवाज एकदम खाली गेला. बोधिसत्त्वाला बाजूला ओढत तो म्हणाला, "शेठ, एवढा ओला होत चाललेला कापूस या दिवसांत माझ्याशिवाय कोण नेणार? या बाईचं ऐकलंत तर एक गठ्ठाही उचलणार नाही. इथंच कुजवा."

खाली झालेला तो आवाज उप्पलीनं ओळखला. तिनं पोरांना छातीशी धरलं. आता शेठ काय करतो ते तिला बघायचं होतं. आतापर्यंत त्याचा कापूस अंगणात होता, आता तो पुरता गमवायची पाळी होती.

बोधिसत्त्व गाडीकडं गेला. त्यानं सामाचा मुलगा आपल्या हातांत घेतला आणि म्हणाला, "लेकी, खाली उतर. माहेर कुठं जात नाही. चूक माझी झाली असेल तर ती आधी मला बघू दे." मग हमालांना म्हणाला, "गठ्ठे उतरवा."

त्यानं वेशीवरच्या शिपायांना बोलावलं. पिंगलनं पळायचं पाहिलं, पण हमालांनी बैलच सोडून ठेवले होते. राजापुढं उभं केल्यावर त्याच्या तोंडातून खरं बाहेर आलं. चंपाला त्यानं लांबच्या एका बंदरात दासी म्हणून विकलं होतं.

बोधिसत्त्वानं अंगणातला सगळा कापूस मिळेल त्या भावाला विकून चंपाला सोडवायला पैसा उभा केला. राजाचे शिपाई घेऊन तो स्वतः त्या बंदराला गेला. बऱ्याच दिवसांनी चंपाला आणि तिच्या मुलीला घेऊन परतला, तेव्हा वखारीतल्या सगळ्या बायांसमोर त्यानं चंपाला हात जोडले. "मी तुला दिलं ते छप्पर खरं होतं, पण वाट न तपासता दाखवली," एवढंच तो बोलला. चंपा आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. बोधिसत्त्वानंही तिच्याकडून क्षमेची अपेक्षा धरली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं उप्पलीला बोलावलं. "इथून एखाद्या बाईला न्यायला कोणीही आलं, तर आधी तुला उत्तरं देईल. तू हो म्हटल्याशिवाय कोणी जायचं नाही."

"आणि तुम्ही आलात तर?"

"तर मलाही विचार."

"तुम्हाला आधी विचारीन," उप्पली म्हणाली.

पुढं सामाचा भाऊ तिला न्यायला आला, तेव्हा उप्पलीनं त्याला उन्हात उभं करून इतकं विचारलं की तो रडकुंडीला आला. "अहो, सख्खा भाऊ आहे मी!" तो म्हणाला. "सख्खेच विकतात," उप्पली म्हणाली, आणि सामाला वेगळं विचारून, त्याच्याबरोबर आजीला पाठवून मगच तिला जाऊ दिलं.

वखार पुष्कळ वर्षं चालली. त्या दारातून पुन्हा कोणी बाई हरवली नाही. तिस्सा आणि सोण तिथंच मोठे झाले. उप्पलीनं शेठवर शेवटपर्यंत पुरता विश्वास ठेवला नाही, आणि बोधिसत्त्वाला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

एवढं सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, समोर बसलेल्या भिक्षूंना म्हणाले, "आश्रयाला आलेल्या बायांना नेणाऱ्यांची जी खोदून खोदून चौकशी करते, आणि जिला तुम्ही संशयी म्हणून हसता, ती थेरी, म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणी, तीच तेव्हाची उप्पली. विहारात पेज वाढणारी उपासिका म्हणजे ती आजी. गोड बोलून ज्यानं काही भिक्षूंना वाटेवरून काढलं, तो पिंगल. वखारीचा शेठ मीच होतो. आणि चंपा आज तुमच्या आमच्यातच आहे, पण ती कोण, हे तिला विचारल्याशिवाय मी सांगणार नाही."

त्या जन्मी बोधिसत्त्वानं प्रज्ञेची पारमिता, म्हणजे शहाणपणाची परिपूर्णता, पुढं नेली. करुणा त्याच्याजवळ आधीपासून होती, पण दुखावलेल्या माणसाचा संशय मान खाली घालून ऐकायला तो तिथं शिकला.