कंकणेचा उगम

पूर्वी शंखपुरात अरिंदम राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते. नाव सुनेत्र. जन्म डोंगरातला, कंकणा नदीच्या उगमापाशी. ही उपनदी नगराच्या वरच्या अंगाला मोठ्या नदीला मिळे. मोठ्या नदीचे गढूळ पाणी पिताना म्हातारपणीही सुनेत्रांना आपल्या नदीची आठवण येई.

राणी मंदारिकाही कंकणेकाठचीच. ती दीर्घ आजारात खंगली आणि तिने एकच ध्यास घेतला: माहेरच्या पाण्यात पाय बुडवायचे.

राजा म्हणाला, "अमात्य, कंकणा उगमापाशीच वळवा. कालव्याने राजवाड्याच्या तळ्यात आणा. काम झाले की तुमचे गाव तुम्हाला दिले. सुखाने तिथे राहा."

सुनेत्रांचे मन हरखले. भर उन्हाळ्यात ते काठाकाठाने वर निघाले. संगमापाशी रुंद असलेली कंकणा वर जावे तशी रोडावत गेली. पुढे नुसते डोह, त्याच्याही पुढे कोरडी वाळू. तिथे एक बाई वाळूत खड्डा करून वाटीने पाणी भरत होती.

"नदी आटली का ग?"

"आटेल कशी, बाबा? वाळूखालून चालते ती. वर झरा वाहतोय तोवर आमचे झिरे भरतात."

उगमापाशी खडकाखालून बारीकशी धार येत होती. सुनेत्र तिच्याशेजारी बसले. उठावेसे वाटेना. मग डोळे पुसून ते परतले.

"महाराज, ती धार वळवली तर खालची सगळी गावे तहानेने उठून जातील. हे माझ्या हातून होणार नाही."

"मग तुमचे गावही विसरा! यापुढे नगराची वेस ओलांडायची नाही."

"जशी आज्ञा," सुनेत्र म्हणाले.

पडद्याआडून राणीने हे ऐकले. ती बाहेर आली. "महाराज, नदीला इकडे आणू नका. मलाच तिकडे जाऊ द्या."

राजा वरमला. त्याने कालवा रद्द केला. पण सुनेत्रांना भर सभेत केलेली वेशीची बंदी मागे घेणे त्याच्या मानी स्वभावाला जमले नाही. माहेरी निघालेल्या राणीची पालखी वेशीपाशी, निरोप द्यायला आलेल्या सुनेत्रांजवळ थांबली.

"काका, तिथून काय आणू?"

सुनेत्रांनी डोंगराकडे पाहिले.

"काही नको, पोरी. जे आहे ते तिथेच राहू दे."

पालखी दिसेनाशी झाली तरी ते उभेच होते.

ही कथा सांगून भगवान भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा आज माझा शिष्य आनंद आहे, राणी भिक्षुणी उत्पलवर्णा झाली आहे, आणि तो अमात्य मीच होतो. मन ओढ घेत असतानाही दुसऱ्याच्या तहानेचा विचार आधी करणे, ही करुणा."