बगळेसाहेबांचं प्रशिक्षण

जनावरांची पोरंही वेळेवर शाळेत जात, त्या काळातली ही गोष्ट. कजरी म्हैस तिथे भूगोल शिकवायची. एकदा वर्गावर्गात डिजिटल फळे बसले आणि ते कसे वापरायचे हे शिकवायला बगळेसाहेब आले.

साहेब एका पायावर उभे राहून दिवसभर बोलले, पण फळा काही त्यांनी सुरू केला नाही. शिक्षकांना वाटलं, एका पायावर उभं राहणं हीच पहिली पायरी असणार. बैलगुरुजी दोनदा आपटले. कजरीला मात्र जमलं आणि प्रमाणपत्रही मिळालं.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात फळ्यासमोर एका पायावर उभी राहिली. फळा काळाच!

"पोरांनो, तुम्हीही पाय उचला!"

सापाचं पिल्लू रडायला लागलं. "बाई, मी काय उचलू?"

कजरी ओशाळली. रडणं ऐकून शेजारच्या वर्गातल्या साळुंकीबाई धावत आल्या.

"कजरीबाई, आज शिकवायचंय काय?"

"समुद्र. पण खरं सांगू? मला हे येत नाही हो."

"मलाही कालपर्यंत येत नव्हतं. इथे नाक टेकवा."

कजरीने भीत भीत नाक टेकवलं आणि फळ्यावर लाट फुटली. एवढं पाणी बघून ती थेट फळ्यातच शिरायला निघाली. साळुंकीबाईंनी शेपटीला लोंबकळून तिला कसंबसं थोपवलं.

पिल्लाचं रडू थांबलं होतं. "बाई, याला पलीकडे काठ असतो?"

"चल, बघू या," म्हणत कजरीने कुणालाही न विचारता पुन्हा नाक टेकवलं.