सात घरांचा कुकर

एक गाव होतं आणि त्या गावात नारबा होता. भोळा. भोळा म्हणजे किती, तर ‘जरा थांब, आलोच’ म्हणून कुणी गेलं आणि विसरलं, तर नारबा दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभा सापडायचा. हळद मात्र पिकवावी ती नारबानंच. रान अर्धा एकर, पण गड्डा असा निघायचा की दोन हातांत मावू नये.

त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोचं नाव कौसा. ती बोलायची कमी आणि बघायची जास्त. लग्नाच्या चौथ्या दिवशी ती म्हणाली, “अहो, दुधावर लक्ष ठेवा.” दूध उतू गेलं. नारबा म्हणाला, “ठेवलं होतं की. सगळं जाताना बघितलं.” तेव्हापासून कौसा नवऱ्याशी बोलताना शब्द तांदळासारखे निवडून घ्यायची.

गावात हळदवाली लहान घरं सात. हळद काढली की लगेच शिजवावी लागते. ढिगात पडून राहिली की सुकते, मग बाजारात तिला कुणी विचारत नाही. हळद शिजवायचा मोठा कुकर आसपास एकच, शेजारच्या गावच्या बापूसाहेबांचा. आधी त्यांची स्वतःची हळद, मग त्यांच्या पाहुण्यांची, आणि या सात घरांची पाळी होळी उलटल्यावर. म्हणून सात घरांनी गट केला. कुकरचा अर्धा खर्च सरकारी योजनेतून मिळणार होता. उरलेल्याला गावानं हातभार लावायचा होता. अर्जाला मुदत आठ दिवस.

गटाचे पुढारी रावजीआण्णा, नारबाचे चुलते. ते म्हणाले, “यंदा कुकर झाला न्हाई, तर पुढच्या साली हळद बंद. ज्यानं त्यानं शहराची वाट धरायची.”

कौसाच्या मनात एकच आलं. नवरा शहरात गेला आणि तिथं कुणी ‘जरा थांब’ म्हणालं तर?

बाकीचे सगळे काढणीत अडकलेले. सायकल नारबाकडं. म्हणून धावपळीचं काम नारबाकडं.

आण्णांनी गुरुजींकडून कुकरला मदत मागणाऱ्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या. “नारबा, ही गोष्ट सगळ्या गावाच्या कानावर घाल.”

“बरं.”

संध्याकाळी आण्णा पारावर गेले, तर न्हाव्यापासून सरपंचापर्यंत प्रत्येकाच्या कानावर घडी घातलेली चिठ्ठी. सरपंचांचा कान लहान, म्हणून दोऱ्यानं बांधलेली. गाव खो खो हसलं. पण कानावरची चिठ्ठी काढली की माणूस वाचतोच. सुतारानं शेडची लाकडं कबूल केली, सरपंचांनी जागा, तरुण मंडळानं चौथरा बांधून द्यायचं.

आण्णांनी तरी कपाळाला हात लावला. “आरं, कानावर घालायचं म्हणजे तोंडानं सांगायचं! असं मोठ्यानं, की आळीतल्या शेवटच्या घराला ऐकू गेलं पायजे.”

“असं व्हय? आता ध्यानात ठेवतो.”

कौसानं हे आतून ऐकलं. नवरा विसरला तर तिला चाललं असतं. त्यानं ध्यानात ठेवलं की घोटाळा व्हायचा. पण नव्या सुनेनं चुलतसासऱ्यांपुढं बोलायचं कसं?

दुसऱ्या दिवशी आण्णांनी त्याला लिहून झालेला अर्ज आणायला गुरुजींच्या घरी पाठवलं. गुरुजींच्या मंडळींनी दीड तास झोका देऊन बाळाला नुकतंच निजवलं होतं. नारबा अंगणात उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, “अर्ज द्या हो ऽ ऽ!”

बाळ उठलं. कुत्री उठली. आळीतल्या शेवटच्या घरातली माणसं आग लागली म्हणून पाण्याच्या घागरी घेऊन धावली. गुरुजींच्या मंडळींनी अर्ज अंगणात फेकला आणि दार लावून घेतलं.

“आरं, माणूस झोपलेला दिसला की आवाज करू न्हाई,” आण्णा म्हणाले. “हळूच झोका द्यावा. थोपटावं.”

“असं व्हय? आता ध्यानात ठेवतो.”

मुदत संपायला दोन दिवस उरले. नारबा अर्ज घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेला. दुपारची वेळ. कारकून भाऊसाहेब खुर्चीत डुलकी काढत होते. नारबानं चपला बाहेर काढल्या. पाय न वाजवता आला. खुर्ची हळूहळू झुलवली, भाऊसाहेबांची पाठ थोपटली, मधूनच एक अंगाईही गुणगुणली. भाऊसाहेब असे गाढ झोपले, की कचेरी बंद करायला आलेल्या शिपायानंच त्यांना उठवलं.

अर्ज तसाच परत आला.

“कुठं फेडशील हे!” आण्णा खाली बसले. “आरं, कचेरीतल्या माणसाला हलवून जागं करायचं! मग अर्ज द्यायचा, पाय धरायचे, आन् काम झाल्याबिगर सोडायचे न्हाईत. उद्या शेवटचा दिवस हाय!”

“असं व्हय? आता ध्यानात ठेवतो.”

शेवटच्या दिवशी भाऊसाहेब टक्क जागे होते. स्टुलावर चढून कपाटावरचे गठ्ठे काढत होते. नारबानं त्यांना गदागदा हलवलं.

“अहो, मी जागा आहे!”

“झोपेत सगळे असंच म्हणतात,” नारबा म्हणाला आणि त्यांचे दोन्ही पाय घट्ट धरले.

स्टूल गेलं. भाऊसाहेब नारबावर आले. गठ्ठे दोघांवर आले. आवाज ऐकून आतून नवे साहेब बाहेर आले. कागदांच्या ढिगातून एक हात वर आला होता, आणि त्या हातात अर्ज होता. साहेबांनी तो घेतला, वाचला.

“पाय सोडा त्यांचे.”

“काम झालं का?”

“अर्ज घेतला. उद्या पाहायला येतो.”

मग नारबानं सोडले.

गावात आनंदीआनंद झाला. आण्णांनी मात्र नारबाला समोर बसवलं. “आता साहेबांना हलवायचं न्हाई, पाय धरायचे न्हाईत. साहेब म्हणतील तेच करायचं. आन् हातात घेतलेलं काम अर्ध्यावर सोडायचं न्हाई.”

कौसा आयुष्यात पहिल्यांदा चुलतसासऱ्यांपुढं बोलायला पुढं झाली. “आण्णा, त्यापेक्षा यांना...”

“सूनबाई, साहेबांच्या चहाला दूध हाय का बघ,” आण्णा म्हणाले.

साहेब आले. पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट. शहरात वाढलेला सज्जन माणूस. हळदीचा रंग बघता यावा म्हणून कौसानं परातीत दळलेली हळद काढून ठेवली होती. साहेब खुश झाले. आण्णा गटातल्या बाकीच्यांना बोलवायला गेले, तेव्हा साहेब नारबाकडं वळले.

“मी हे सगळं फक्त पुस्तकात वाचलंय हो. तुम्ही हळद लावता कशी? मला लावून दाखवा की.”

नारबा थबकला. “तुम्हाला?”

“हो, मलाच. लाजू नका.”

कौसानं हातातली कपबशी खाली ठेवली. “अहो...”

तोवर नारबानं परातीत पाणी ओतलं होतं. सुरुवात गालांपासून केली. मग कपाळ, मग मान, मग दोन्ही हात कोपरापर्यंत. साहेबांनी तोंड उघडलं, तर थोडी तिथंही गेली. शेजारणी दारात जमल्या. एकीनं हळदीचं गाणं धरलं. दुसरी कौसाला विचारू लागली, “नवरी कुठली गं?”

“अहो, हे काय चालवलंय?” साहेब ओरडले.

“लावतोय, साहेब. पाठ राहिली.”

आण्णा धावत आले. “नारबा! सोड त्यांना!”

“अर्ध्यावर कसं सोडू, आण्णा? लावल्यावर पाणी द्यायला नको?” नारबानं कळशी साहेबांच्या डोक्यावर ओतली. “आता माती चढवायची,” म्हणत त्यानं फावडं उचललं.

साहेब मागं सरकत भिंतीला टेकले. “आणि... आणि त्यानंतर?”

“त्यानंतर शिजवायची.” नारबाचा चेहरा पडला. “तेवढं मात्र दाखवता येत न्हाई, साहेब. कुकरच न्हाई.”

 कौसा पुढं आली. तिच्या एका हातात टॉवेल होता आणि दुसऱ्या हातात साहेबांनी सोबत आणलेला अर्ज. अर्ज तिनं आधी पुढं केला.

साहेबांनी उभ्या उभ्या सही केली. कागदावर पिवळा अंगठा उमटला, तो आजही उतरलेला नाही.

पंधरा दिवसांत कुकर आला. सात घरांची हळद होळीच्या आत शिजली, वाळली, बाजारात गेली. शहराची वाट कुणी धरली नाही. पहिली हळद शिजायच्या आधी साहेबांच्या हातून नारळ फुटावा, असं गावाच्या मनात फार होतं. साहेब काही आले नाहीत. निरोप घेऊन नारबा गेला होता. कचेरीच्या दारात उभा राहून तो म्हणाला, “चला साहेब, कुकर आलाय. त्या दिवशी राहिलेलं दाखवतो.”

कचेरीला मागचंही एक दार आहे, हे भाऊसाहेबांना त्या दिवशी कळलं.