मरियामायचा कोरा चेहरा

वर बघा आधी, फोटो मागाहून काढा. पूर्वेच्या खिडकीत रंगीत काचांची मरियामाय आहे. निळा झगा, लाल शाल, चेहरा मात्र कोरा. कोणी फोडला नाही, चोरला नाही, आणि आम्ही कंजूष म्हणून तसा ठेवला असंही नाही. शहरातली माणसं हेच विचारतात, म्हणून आधीच सांगितलं.

वसईकडं आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. देवळाच्या सणाआधी घरोघरी पितळेची भांडी चिंच-राखेनं घासायची रीत. फार मागं, म्हणे, खिडकी धुवायची पाळी कोंसूबायवर आली. विधवा बाई, कामाला वाघीण. मुलगी रेमेत, तिचं लग्न ठरलेलं. भांडी लखलखतात, मग मरियामाय का नको? कोंसूबाय शिडीवर चढली आणि चिंच-राखेनं घासत सुटली. बाकीचा रंग काचेतलाच, पण चेहरा वरून रेखलेला. डोळे, नाक, हसू, सगळं पाण्याबरोबर खाली आलं.

गावभर बोंब झाली. वरमाय आंजेलीणबाय कडाडली, "देवाच्या आईचं तोंड पुसणारीची पोर माझ्या घरात? नाव काढू नका!"

फादरनं गोव्याहून म्हातारा कारागीर आणला. त्यानं काचांमधल्या शिशाच्या सैल पट्ट्या आवळल्या, तडकलेल्या काचा सांधल्या, मग कुंचला धरून जमलेल्या गावाला विचारलं, "चेहरा कसा होता?"

"गोल!"

"लांबट! माझ्या आईसारखा."

"तुझ्या आईसारखा? मरियामाय काय भांडकुदळ होती?"

इतकी वर्षं तिच्यापुढं गुडघे टेकले, पण माना खाली. नीट पाहिलं कोणीच नव्हतं. मूर्ख लेकाचे! कारागीर म्हणाला, "मग खोटा चेहरा मी काढणार नाही." आणि त्यानं कुंचला धुवून टाकला.

सणाच्या सकाळी देवळात मिस्सेची प्रार्थना चालू होती. मागच्या बाकाशी रेमेत मान खाली घालून रडत उभी. ऊन चढलं. कोऱ्या काचेतून पांढरा कवडसा तिच्यावर पडला, तशी तिनं मान वर केली. असं सांगतात, की निळं ऊन तिच्या अंगावर, लाल खांद्यावर, आणि मधोमध तिचा उजळलेला चेहरा. फादर प्रार्थना विसरला.

आंजेलीणबायच आधी उठली. "बघताय काय? सून आहे माझी!" मग कोंसूबायकडं वळून म्हणाली, "पण विहीणबाय, माझी भांडी घासायला येऊ नकोस."

देऊळ हसण्यानं दणाणलं.

आजही इथली नवरी, काळी असो, नकटी असो, त्या कवडशात उभी राहते. सासू मोठ्यानं "सून आहे माझी!" म्हणेपर्यंत लग्न लागत नाही. माझ्या लग्नाला नेमके ढग आले. कवडशाशिवाय सून म्हणायची नाही म्हणून माझ्या आईनं सगळं वऱ्हाड दुसऱ्या सकाळपर्यंत बसवून ठेवलं.