रिकाम्या कुंडीचे गुण

“…मग रिकाम्या कुंडीलाही गुण द्यायचे का, गुरुजी? तुम्हीच सांगा!”

रेवण तणतणतच ढवळे गुरुजींच्या परसात शिरला. चौथीचा शिक्षक. लहानपणी त्यांच्याकडेच शिकलेला. काखेत मूल्यमापनाचा तक्ता, एका हातात कुंडी, दुसऱ्या हातात एक चुरगळलेली वही.

निवृत्तीनंतर गुरुजी भाजीच्या वाफ्यातच असत. त्यांनी मान वर केली नाही.

“वर्गाला प्रकल्प दिला. प्रत्येकाला घेवड्याच्या पाच बिया. तीन आठवडे वाढवा, रोज नोंद ठेवा. चोवीस रकाने आखलेत मी, चोवीस! उंची, पानं, सजावट, सादरीकरण… सगळ्यांचं छान आलं. फक्त त्या सुगंधा लोहारची कुंडी रिकामी. शून्य दिलं. तर बाईसाहेब चार दिवस शाळेतच नाहीत!”

“बरं.”

“बरं काय, गुरुजी? बाप म्हणतो, पोरगी ऐकत नाही. तुमचा शब्द मानतात त्यांच्या घरी. तुम्ही जाऊन समजवा तिला.”

गुरुजींनी रेवणच्या हातातल्या कुंडीकडे बोट केलं. “ही कोणाची?”

“पहिला नंबर! उद्या तालुक्याच्या प्रदर्शनाला जाणार.”

सोनेरी कागद गुंडाळलेला, वर नाव, आत हिरवंगार रोप. गुरुजींनी एक पान चुरगळून हुंगलं. मग रोप बुडाशी धरलं आणि सरळ उपटलं.

“अहो, गुरुजी!”

मुळांभोवती नर्सरीची काळी पिशवी तशीच होती.

“मिरची आहे,” गुरुजी म्हणाले.

रेवणचं तोंड उघडंच राहिलं. चोवीस रकाने आखणाऱ्या माणसाला मिरचीचं रोप ओळखता येऊ नये, आता काय बोलायचं याला!

“बाकीच्या कुंड्या?”

“…आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशीच आल्या सगळ्या.” रेवणचा आवाज उतरला. “पण उंची मोजली मी. पट्टी लावून मोजली.”

“झाड कुठलं, याला रकाना नव्हता?”

गुरुजींनी वैतागून हात झटकले आणि वही मागितली. सुगंधाची होती. ते मोठ्यानं वाचू लागले.

“पहिला दिवस. काही नाही. दुसरा दिवस. काही नाही. तिसरा दिवस. पाणी घातलं. काही नाही…”

पानामागून पान तेच. गुरुजी एकही ओळ गाळेनात. रेवण चुळबुळ करू लागला.

“अकरावा दिवस. माती उकरली. बियांची नुसती सालं. आत लाल मुंग्या. बारावा दिवस. राख टाकली. आईच्या डब्यातलं दुसरं बी लावलं. एकविसावा दिवस. मुंग्या गेल्या. बी आलं नाही. का ते कळलं नाही.”

खाली रेवणच्या अक्षरात शेरा होता : अधिक प्रयत्नांची गरज.

तो शेरा गुरुजींनी वाचला नाही. वही नुसती त्याच्यासमोर धरली.

रेवणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “शून्य खोडतो मी, गुरुजी. आत्ता खोडतो. पण किती देऊ? कुठल्या रकान्यात बसवू हे?”

गुरुजींनी रेवणच्या खिशातलं पेन काढून घेतलं, वाफ्यातल्या मातीत खोचलं आणि वही त्याच्या हातात दिली.

“गुण राहू देत. आता तूच जा तिच्याकडे. बी का आलं नसेल, तिला काय वाटतं, ते विचार.”